शाळेतला ग्रंथपाल आणि 'सगळं गूगलवर आहे': काम कुठून सुरू करायचं?

सानपाडा_स्लो (धागाकर्ती)

कोपरखैरणेतली मराठी माध्यमाची शाळा, पाचवी ते दहावी. मुलं १,३५०, दाखल नोंदवहीत ८,२०० पुस्तकं, ग्रंथपाल एक, चालू संगणक सहा. संस्थेच्या पुढच्या बैठकीत विषय आहे की ग्रंथालयाच्या खोलीचा 'डिजिटल कक्ष' करावा, कपाटं व्हरांड्यात हलवावीत आणि ग्रंथपालांकडे कक्षाची किल्ली द्यावी. कारण एकच: आता सगळं गूगलवर मिळतं.

बैठकीत मांडायला ठोस मुद्दे हवेत. पुस्तकांची नोंद संगणकावर करायची तर कोणत्या प्रणालीत आणि किती दिवसांचं काम आहे? मुलांना माहिती तपासायला शिकवायचं म्हणजे पस्तीस मिनिटांच्या तासात नेमकं काय करायचं? आणि पुस्तकं स्कॅन करून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली तर चालतं का, हा तिसरा प्रश्न. वाचनसंस्कृतीवरची भाषणं ऐकून झाली आहेत, कृपया कामाचं सांगा.

दाखलक्रमांक

आधी कपाटांचं. व्हरांड्यात हलवू देऊ नका. नवी मुंबईतली जुलै-ऑगस्टची हवा आणि व्हरांड्यातला पावसाचा सपकारा एकत्र आले की पुस्तकांना एका पावसाळ्यात बुरशी धरते. बुरशीमागून कसर येतेच. खोलीतसुद्धा कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून वर हवं.

आता संगणकीकरण. बहुतेक शाळा इथे उलट्या टोकापासून सुरुवात करतात, म्हणजे आधी बारकोड प्रिंटर घेतात. तुमचंच गणित मांडू. कोणाची तरी तयार नोंद उतरवून घेतली तरी एका मराठी पुस्तकाला दुरुस्तीसकट सरासरी चार मिनिटं धरा. ८,२०० पुस्तकांचे झाले ५४७ तास. देवघेव सांभाळून दिवसाला तीन तास मिळाले (मिळत नाहीत) तर १८२ दिवस. म्हणजे जवळजवळ एक शैक्षणिक वर्ष.

म्हणून आधी निर्लेखन, म्हणजे निरुपयोगी पुस्तकं नोंदवहीतून रीतसर काढणं. बदललेल्या अभ्यासक्रमाची गाइडं, जुने अपेक्षित प्रश्नसंच, पानं सुटलेल्या प्रती आणि एकाच पुस्तकाच्या पाचव्या-सहाव्या प्रती बाजूला काढा. यादी करा, समितीची सही घ्या, दाखल नोंदवहीत लाल शाईने ठरावाचा क्रमांक लिहा, मगच रद्दी. सहीशिवाय एकही पुस्तक हलवू नका, लेखापरीक्षणात तेच पुस्तक विचारलं जातं. १,५०० पुस्तकं गेली तर शंभर तास वाचतात.

प्रणाली: कोहा. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेली, जानेवारी २००० पासून वापरात, मुक्त स्रोत, परवाना शुल्क नाही. शाळा सरकारी किंवा मनपाची असती तर आधी एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक-संस्थेच्या 'ई-ग्रंथालय' प्रणालीची चौकशी करा म्हटलं असतं. इन्फ्लिबनेट या संस्थेचं सोल हे ग्रंथालय सॉफ्टवेअर कॉलेज-विद्यापीठांसाठी आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका.

कोहाला लिनक्स लागतं. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलेला एक साधा संगणक, ८ जीबी रॅम आणि एसएसडी एवढ्यावर शाळेचं काम भागतं. राउटरमध्ये त्या संगणकाचा आयपी पत्ता कायमचा बांधून घ्या. नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलतो, बाकीच्या संगणकांवर ओपॅक (वाचकांनी पुस्तक शोधायची यादी) उघडत नाही आणि 'सॉफ्टवेअर बिघडलं' अशी बोंब होते. कोहा रोज स्वतःहून बॅकअप घेतो, पण मुळात दोनच दिवसांचा ठेवतो आणि तोही त्याच डिस्कवर. डिस्क गेली की नोंदी आणि बॅकअप दोन्ही गेले. दर शुक्रवारी ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवायची.

लेबलं: ३८ × २१ मिमीची, ए-४ कागदावर ६५ येतात. एक आत शीर्षकपानामागे, एक बाहेर, म्हणजे ६,७०० पुस्तकांना १३,४०० लेबलं, २०७ कागद. वाया जाणारे धरून २२५ घ्या. छपाई लेझर प्रिंटरवरच. इंकजेटची शाई दमट हवेत फुटते, आणि साध्या थर्मल लेबलवरचा मजकूर दोन-तीन वर्षांत उडतो. कोड ३९ या बारकोडला जागा जास्त लागते, लहान लेबलवर रेघा दाटतात. कोड १२८ घ्या, क्रमांक आकडीच ठेवा, रेघांच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडा. शाळेचं नाव मोठं छापायच्या नादात रेघांची उंची कमी करू नका.

हलन्त

वरच्या प्रतिसादाला जोड. मराठी नोंदींमध्ये शोध का लागत नाही, त्याची कारणं ठरलेली आहेत.

पहिलं कारण इंडेक्सिंग, म्हणजे शोधासाठी आतून तयार होणारी शब्दसूची. कोहाच्या झेब्रा शोधयंत्राला आयसीयू आणि सीएचआर असे दोन पर्याय असतात. देवनागरीसाठी आयसीयू लागतो. हा बदल नोंदी भरायच्या आधी करा. नंतर केलात तर पूर्ण री-इंडेक्स चालवावं लागतं.

दुसरं कारण दिसायला सारखी, पण आतून वेगळी अक्षरं. 'दुसऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साध्या र नंतर एक अदृश्य जोडचिन्ह. 'ॲ'चंही तेच, एकसंध अक्षर वेगळं आणि अ वर चंद्र देऊन केलेलं वेगळं. डोळ्याला फरक कळत नाही, संगणकाला कळतो. नोंदी करणाऱ्या सगळ्यांनी एकच कळफलक वापरायचा, शक्यतो इनस्क्रिप्ट ही प्रमाण मांडणी.

तिसरं कारण लेखकांची नावं, आणि मराठीत हे फार महत्त्वाचं. राम गणेश गडकरींच्या कविता गोविंदाग्रज नावाने आहेत आणि विनोद बाळकराम नावाने. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकच, हे पाचवीतल्या मुलाला माहीत असेलच असं नाही. प्रत्येक लेखकाची एक प्रमाण नोंद करायची आणि बाकीची नावं 'पाहा' म्हणून जोडायची. गूगल हे कसंबसं जमवतं, तुमच्या कपाटांपुरतं ते ग्रंथपालालाच करावं लागतं.

तयार नोंदींबद्दल: अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाचं दिल्लीत कार्यालय आहे, तिथून मराठी पुस्तकंही घेतली जातात. त्यामुळे झेड ३९.५० वर (दुसऱ्या ग्रंथालयाच्या नोंदी उतरवून घ्यायची सोय) बऱ्याच मराठी पुस्तकांच्या नोंदी मिळतात, पण त्या बहुधा रोमन लिपीत, डोक्यावर रेघा-टिंबांसकट. शीर्षक आणि लेखक देवनागरीत पुन्हा भरावे लागतात. चार मिनिटं त्यातच जातात.

सानपाडा_स्लो

जुन्या यादीची एक एक्सेल फाइल आहे, साधारण ३,००० पुस्तकांची. उघडली की 'Ö®Ö¸ü' असं काहीतरी दिसतं. ती वापरता येईल का?

हलन्त

येईल. ती युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत) येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप झालेली आहे. आधी कोणता फॉन्ट ते ओळखा: फाइलीतला एखादा चौकोन निवडला की फॉन्टचं नाव वर दिसतं, श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबीटीटी-सुरेख वगैरे. प्रत्येकाचा परिवर्तक वेगळा असतो. आधी ५० ओळी बदलून पाहा. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि 'क्ष', 'ज्ञ' हमखास जागा सोडतात, ते नजरेखालून घाला. मग बाकीच्या ओळी.

एक्सेलचा आणखी एक उपद्रव. आयएसबीएनचा (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) स्तंभ आधी 'मजकूर' म्हणून ठरवला नाही तर तेरा आकडी क्रमांकाचं ९.७८ई+१२ होतं आणि तसंच सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) म्हणून जतन केल्यावर मूळ आकडे परत येत नाहीत. दाखल क्रमांकाची सुरुवातीची शून्यंही अशीच गळतात. सीएसव्ही जतन करताना यूटीएफ-८ निवडा.

बदलीतास

हे सगळं खरं, पण करणार कोण? शाळेचा ग्रंथपाल म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर पाठवायचा हक्काचा माणूस. उरलेल्या वेळात सरल आणि यूडायस या सरकारी संकेतस्थळांवरच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज, पाठ्यपुस्तकांचं वाटप. लहान शाळांत तर पदच अर्धवेळ. ५४७ तासांचं गणित कागदावर छान दिसतं. बैठकीत पहिली मागणी प्रणालीची करू नका, वेळापत्रकाची करा: प्रत्येक तुकडीला आठवड्याला एक ग्रंथालय तास, आणि रोज लागोपाठ दोन तास ग्रंथपालाला बदलीवर पाठवायचं नाही, हे लेखी.

आणि थोडं वाकडं बोलतो. संगणकीकरण झालेली, पण मुलांनी पुस्तकाला हात न लावलेली ग्रंथालयं ठाण्यात कमी नाहीत. बारकोड लावला म्हणजे ग्रंथालय डिजिटल झालं, हा संस्थाचालकांचा समज इथेही डोकावतोय.

दाखलक्रमांक

@बदलीतास, वेळापत्रकाचा मुद्दा मान्य, तो पहिल्या क्रमांकावर घ्यावा. दुसऱ्याशी असहमत. कोणतं पुस्तक कुठे आहे हे सांगता आलं नाही तर मूल गूगलवरच जाणार. ग्रंथालय तासाला चाळीस मुलं येतात, प्रत्येकाला ग्रंथपालाने स्वतः शोधून द्यायचं तर तास तिथेच संपतो.

वर्गीकरणाचं राहिलं. ड्यूई (विषयांना आकडे देणारी पद्धत) वापरलं तर मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये येतं, त्यात कथा-कादंबरी ८९१.४६३. शाळेच्या ग्रंथालयात निम्मी-अधिक पुस्तकं या एकाच क्रमांकावर बसतात, म्हणजे क्रमांक असून नसल्यासारखा. तिथे लेखकाच्या आडनावाची पहिली तीन अक्षरं खाली लिहा आणि वाचनपातळीप्रमाणे कण्यावर रंगीत पट्टी लावा. तीन रंग पुरेत. सात रंग केले की मुलांआधी ग्रंथपालच विसरतात.

खाडीकाठ

दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण 'सगळं गूगलवर आहे' याचं उत्तर तिथेच आहे. मुलांना शोधता येतं. मिळालेल्या दोन वेगवेगळ्या उत्तरांचं काय करायचं, तिथे ती अडतात.

सातवी-आठवीसाठी तीन तासांचा धडा देते. विषय मुलांच्या खिडकीतून दिसणारा: ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य. प्रश्न एकच, 'याचं क्षेत्रफळ किती?'

पहिला तास. सहा-सात मुलांचा गट, गटाला एक संगणक आणि एक कागद. कागदावर चार रकाने: उत्तर, कोणी लिहिलं, केव्हा लिहिलं, नेमकं काय मोजलं. शोध दोनदा घ्यायचा, एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत. इथे पहिली चूक हमखास होते. 'कोणी लिहिलं' या रकान्यात निम्मे गट 'गूगल' लिहितात. फळ्यावर एवढंच सांगायचं: गूगल हा पत्ता सांगणारा पानवाला, घर त्याचं नव्हे. पान उघडून खाली कोणाचं नाव आहे ते पाहा. शोधाच्या वर आपोआप येणारा सारांश उत्तर म्हणून धरायचा नाही, त्याखालची पानं उघडायची.

दुसरा तास. फळ्यावर गटांची उत्तरं मांडली की तीन आकडे दिसतात: १,६९०, १६.९ आणि ६,५२१. मुलं लगेच मत देऊ लागतात की कोणता खोटा. खोटा एकही नाही. १,६९० हेक्टर हे २०१५ मध्ये जाहीर झालेल्या अभयारण्याचं क्षेत्रफळ, तेच चौरस किलोमीटरमध्ये १६.९. ६,५२१ हेक्टर हे २०२२ मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) गेलेल्या पाणथळ जागेचं, त्यात अभयारण्याभोवतीचा संवेदनशील पट्टाही धरलेला आहे. ज्यांनी चौथा रकाना भरला असेल त्यांना हे सापडतं, बाकीचे भांडत बसतात. गणिताच्या शिक्षकांना बोलवा: ८९६ हेक्टर कांदळवन अधिक ७९४ हेक्टर पाणी, बेरीज जुळते का ते मुलांनी पाहायचं. या तासाला कपाटातली पुस्तकंही टेबलावर हवीत. २०१५ आधीच्या पुस्तकात अभयारण्य सापडणारच नाही, मग 'केव्हा लिहिलं' हा रकाना कशासाठी ते वेगळं समजवावं लागत नाही.

तिसरा तास. अनोळखी संकेतस्थळ तपासायचं. मुलं त्याच पानावर 'आमच्याविषयी' वाचत बसतात, तिथे प्रत्येक जण स्वतःला चांगलंच म्हणतो. पान तसंच सोडून नवीन टॅब उघडायची आणि त्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहायचं. तथ्य तपासणारे लोक असंच करतात. फोटो आधी कुठे आलाय ते शोधायला गूगल लेन्स. दर पावसाळ्यात ठाणे स्टेशनात पाणी भरल्याचे जुने फोटो 'आत्ताचे' म्हणून फिरतात, त्यातला एक घ्या. लेन्स पुष्कळदा नुसते सारखे दिसणारे फोटो दाखवतं. टिनआय या फोटो शोधणाऱ्या संकेतस्थळावर 'सर्वांत जुना आधी' असं लावता येतं, त्याने तारीख पकडायला मदत होते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतली मूळ तारीख-वेळ निघून गेलेली असते, त्यामुळे फाइलीची माहिती पाहून उपयोग नाही.

सगळ्यात जास्त बिघडतं ते या तासांबाहेर. विषयशिक्षक प्रकल्प देतात, 'पाणथळ जागांविषयी माहिती लिहा.' अशा प्रश्नाला चिकटवलेलं पान हेच उत्तर येणार. ग्रंथपालाने आठवडाभर आधी शिक्षकांकडे जाऊन प्रश्न बदलून घ्यायचा: 'दोन स्रोतांत फरक कुठे आहे आणि का?' ही पाच मिनिटांची गाठभेट तीन तासांइतकीच कामाची आहे.

टेंभीनाका

@खाडीकाठ, उत्तम. ठाण्याच्या शाळांसाठी आणखी एक विषय: 'भारतातली पहिली रेल्वे.' मुलं लगेच १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर असं लिहितात. पण ती पहिली प्रवासी गाडी. मद्रासजवळ १८३७ मध्येच दगड वाहणारी रेल्वे होती. 'पहिली' या शब्दाआधी काय गाळलंय ते शोधायला लावायचं. ठाणेकर मुलं चिडतात आणि चिडून नीट शोधतात.

इंटरनेट दगा देत असेल तर किविक्स हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. अख्खं मराठी विकिपीडिया एका फाइलीत उतरवून घेता येतं, एका संगणकावर ठेवून शाळेच्या जाळ्यात बाकीच्यांना दाखवता येतं, बाहेरचं कनेक्शन लागत नाही. फाइल उतरवल्याची तारीख पडद्यावर चिकटवा आणि वर्षातून दोनदा बदला. मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे, नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, त्यामुळे 'कोणी लिहिलं' हा रकाना भरायला सोपा. लहान वर्गांना प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ द्या. तिथल्या मराठी गोष्टी मुक्त परवान्याच्या आहेत, श्रेय देऊन छापून वर्गात लावता येतात.

आणि कपाटात नसलेल्या जुन्या मराठी पुस्तकांसाठी ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच, १८९३ पासूनचं. शिक्षकांनी संदर्भ मागितला की 'नाही' म्हणण्याआधी तिथे विचारावं.

सानपाडा_स्लो

चॅटजीपीटीचं काय करायचं? नववी-दहावीची मुलं प्रकल्पाची संदर्भसूचीही त्यातूनच आणतात.

खाडीकाठ

चॅटजीपीटीच्या अटींनुसार १३ वर्षांखाली वापर नाही आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी लागते. म्हणून मुलांची खाती उघडू नका. ग्रंथपालाने मोठ्या पडद्यावर करून दाखवायचं.

प्रात्यक्षिक असं: 'ठाणे खाडीवरची पाच मराठी पुस्तकं लेखक, प्रकाशक आणि वर्षासह सांग' असं विचारा. आलेली यादी फळ्यावर उतरवा. गटांनी एकेक पुस्तक आपल्या ओपॅकमध्ये, प्रकाशकाच्या यादीत आणि कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तालिकेत शोधायचं. निकाल तीन प्रकारचे: सापडलं, काहीच सापडलं नाही, आणि लेखक खरा पण असं पुस्तक त्याच्या नावावर नाही. तिसरा सगळ्यात फसवा, कारण ओळखीचं नाव दिसलं की मोठी माणसंही पुढे तपासत नाहीत. ही यंत्रं पुढचा शोभेलसा शब्द जुळवतात. मराठी पुस्तकांबद्दलचा मजकूर जालावर मुळात कमी, त्यामुळे जुळवाजुळव जास्त.

आयएसबीएन दिला असेल तर तोही तपासून घ्या. तेरा आकडे आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करायची, तिला १० ने पूर्ण भाग गेला पाहिजे. गेला नाही तर क्रमांक चुकीचा. गेला म्हणून पुस्तक आहेच असं मात्र नाही. आणि जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन नसतोच, तेव्हा तो नाही म्हणून पुस्तक खोटं ठरवू नका.

कलम५२

तिसरा प्रश्न. पूर्ण पुस्तक स्कॅन करून ग्रुपवर टाकायचं असेल तर उत्तर सरळ 'नाही'. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांनी प्रत करायला मुभा आहे, त्यात धड्यापुरती पानं बसतात. बाजारात न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीन प्रतींची सवलत ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयांसाठी आहे. शाळेचं ग्रंथालय त्यात बसतं असं गृहीत धरून स्कॅनर आणू नका.

हयातीत छापलेल्या लेखनावर लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, तेही मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजून. म्हणजे १९६५ अखेरपर्यंत वारलेल्यांचं लेखन १ जानेवारी २०२६ ला मोकळं झालं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं. कुसुमाग्रज १९९९ मध्ये, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत नाही. मूळ मजकूर मोकळा असला तरी नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा आणि चित्रं मोकळी नसतात, त्यामुळे स्कॅन जुन्या प्रतीवरूनच करा. पाठ्यपुस्तकांसाठी हा खटाटोप नकोच, बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत आहेत. छापील वाचता न येणाऱ्या मुलांसाठी सुगम प्रतीची (ब्रेल, ऐकता येणारी वगैरे) सवलत कायद्यात २०१२ पासून आहे, त्यांच्यासाठी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय पाहा.

न विचारलेलं एक सांगतो. 'मोफत डिजिटल लायब्ररी ॲप' घेऊन विक्रेते येतील. मुलांची जन्मतारीख आणि पालकांचा मोबाइल मागत असतील तर थांबा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची तरतूद आहे. कोहातही फक्त नाव, इयत्ता-तुकडी आणि जनरल रजिस्टर क्रमांक भरा, आधार क्रमांकाचं काही काम नाही. आणि कोणी काय वाचलं याची यादी फलकावर लावू नका, 'सर्वाधिक वाचन' स्पर्धेसाठीसुद्धा.

बदलीतास

हे शेवटचं वाक्य प्रत्येक स्टाफरूममध्ये चिकटवण्यासारखं आहे.

सानपाडा_स्लो

सर्वांचे आभार. बैठक झाली. कपाटं खोलीतच राहणार आणि आठवड्याला एक तास लेखी मिळाला. बदलीचं 'पाहू' म्हणाले. निर्लेखनाची यादी सुरू आहे.

एक अडचण: यूएसबी स्कॅनर आणला. नोटपॅडमध्ये बारकोड वाचला की कधी बरोबर आकडे येतात, कधी मराठी आकडे आणि भलतीच चिन्हं. स्कॅनर परत करावा का?

हलन्त

नको. स्कॅनर संगणकाला कळफलकच वाटतो. मराठी कळफलक चालू असताना स्कॅन केलं की तो मराठीत 'टाइप' करतो. देवघेवीच्या संगणकावर इंग्रजी कळफलक ठरलेला ठेवा, मराठी नोंदी दुसऱ्या संगणकावर करा. आणि स्कॅनरच्या पुस्तिकेतला 'एंटर जोडा' हा बारकोड एकदा वाचवून घ्या, नाहीतर प्रत्येक पुस्तकामागे हाताने कळ दाबत बसाल.